उणे चाळीस अंशांवरची डचेस

सेल्सियस आणि फॅरनहाइट या दोन उष्णतामापकांचे आपसांत सहसा जमत नाही. एक ज्याला शून्य म्हणतो त्याला दुसरा ३२ म्हणतो, एकाचे १०० ते दुसऱ्याचे २१२, आणि या दोघांचा हिशेब मिटवण्यासाठी शाळकरी मुलांना पाच-नवमांशाचे ते रटाळ सूत्र घोकावे लागते. परंतु शून्याखाली उतरत उतरत गेले, म्हणजे एक पायरी अशी येते की तेथे दोघेही एकच आकडा सांगू लागतात: उणे ४०. हे मतैक्य ज्या थंडीत घडून येते त्या थंडीत ते पाऱ्याच्या साक्षीने नोंदवण्याची मात्र सोय उरत नाही, कारण पारा स्वतःच उणे ३९ सेल्सियसच्या सुमारास गोठून नळीत निश्चल बसतो आणि मद्यार्काच्या मापकाला पाचारण करावे लागते. सफरचंदाच्या झाडाच्या लाकडात, त्यातील सूक्ष्म पेशींच्या पोटात, जे पाणी हिवाळाभर नाना युक्त्यांनी द्रवरूप राहिलेले असते, त्याचाही धीर सुटतो तो याच पायरीच्या आसपास. उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर सफरचंद लावू पाहणाऱ्या माणसाचे भवितव्य या एका आकड्याशी जखडलेले आहे. आणि प्रस्तुत प्रकरण ज्या जुन्या, आंबट, फार दिवस न टिकणाऱ्या आणि आजच्या बाजारात कोणी नावही न घेणाऱ्या सफरचंदाविषयी आहे, त्याची थोरवी एवढीच की त्या आकड्याच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन जिवंत परत येता येते, हे त्याने त्या मुलखातील निराश झालेल्या माणसांना प्रथम दाखवून दिले.

त्याचे इंग्रजी नाव ‘डचेस ऑफ ओल्डनबर्ग’. बागाइतदारांच्या तोंडी नुसते ‘डचेस’. आणि माहेरचे नाव ‘बोरोविन्का’. रशियाच्या मध्यभागी, मॉस्कोच्या दक्षिणेस तुला नावाचा जो प्रांत आहे, तेथील जमीनदार आणि निसर्गाभ्यासक आंद्रेइ बोलोतॉव यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या भागातील सफरचंदांची जी बारकाईची वर्णने लिहून ठेवली, त्यांत ही जात आढळते. म्हणजे त्यापूर्वीच ती तेथील परसांतून रुळलेली होती. तिचा जनक कोणी नामांकित माळी नव्हे. एखाद्या कुळाच्या कुंपणाशी उगवलेले, कोणी मुद्दाम न लावलेले, परंतु एकापाठोपाठ एक हिवाळे काढून उभे राहिलेले म्हणून लोकांनी कलमे बांधून जपलेले असे ते एक रायवळ झाड असावे, असे मानण्यास हरकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ही जात इंग्लंडात पोहोचली. १८१४ मध्ये रशियाच्या झारची बहीण कॅथरिन पाव्हलोव्हना, जी ओल्डनबर्गच्या राजपुत्राची विधवा होती, लंडनला आली असता तिच्या रुंद टोपीची तेथील स्त्रीवर्गात फॅशनच पडून गेली होती. तेव्हा ओल्डनबर्गच्या डचेसचे नाव लंडनकरांच्या कानांना परके नव्हते. रशियन रयतेच्या परसातील फळाला राजघराण्याची ही सनद लंडनमध्ये बहाल झाली, आणि पुढे अमेरिकेतील ज्या शेतकऱ्यांनी ती जात लावली त्यांपैकी बहुतेकांना ही ओल्डनबर्गची डचेस कोण हे जन्मभर ठाऊक नसावे. त्यांचे त्यावाचून काही अडलेही नाही.

पुढे जाण्यापूर्वी एका शब्दाचा उलगडा केलेला बरा. आपल्याकडे सफरचंद म्हणजे काश्मीर किंवा कुलूहून पेटीत बसून येणारे, आजाऱ्याच्या उशाशी ठेवायचे गोड फळ. ते शिजवण्याची कल्पना मराठी गृहिणीला सहसा सुचत नाही. पण ज्या घरात आंब्याचा रस वेगळा आणि कैरीचे पन्हे, मेथांबा, साखरांबा वेगळे, त्या घराला खाण्याचे सफरचंद आणि रांधण्याचे सफरचंद हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. रांधण्याच्या सफरचंदात आम्ल भरपूर लागते, कारण साखरेत आणि उष्णतेत गोड फळाची चव विरून जाते आणि आंबट फळाची उघडते. शिवाय किंचित कच्चे असताना त्यात पेक्टिन नावाचे जे चिकट द्रव्य असते त्याच्या बळावर मुरंबा आणि जेली घट्ट बसते. मैद्याच्या दोन पाऱ्यांमध्ये आंबट फोडी, साखर आणि दालचिनी कोंडून भाजलेला जो पदार्थ त्या लोकांच्या जेवणाचा शेवट गोड करतो, त्याचे नाव ‘पाय’. मराठीत हा शब्द लिहिताना मनाला थोडा संकोच वाटतो खरा, परंतु त्याला दुसरा प्रतिशब्द योजणे म्हणजे पुरणपोळीला इंग्रजी नाव देण्यासारखे आहे.

आता तो मुलूख पाहू. मिनेसोटा आणि डकोटापासून उत्तरेस कॅनडातील मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रांतांपर्यंत पसरलेले हे गवताळ मैदान समुद्रापासून इतके आत आहे की समुद्राची ऊब तेथवर पोहोचत नाही, आणि उत्तर ध्रुवाकडून निघालेल्या वाऱ्याला वाटेत अडवील असा एकही डोंगर नाही. उत्तरेकडील बऱ्याच भागांत दवगोठ नसलेले दिवस वर्षातून जेमतेम शंभर ते सव्वाशे, उन्हाळा लहान पण कडक, पाऊस तुटपुंजा, आणि पश्चिमेकडील अल्बर्टात तर ऐन हिवाळ्यात रॉकी पर्वतावरून ‘शिनूक’ नावाचा उष्ण वारा उतरून काही तासांत तपमान वीस-वीस अंशांनी वर नेतो आणि मग झाडाला वसंत आल्याची भूल पाडून निघून जातो. आपल्याकडे निफाडला पारा पाच अंशांखाली गेला की द्राक्षबागांतून शेकोट्या पेटतात. तेथे जी थंडी येते तिच्यापुढे शेकोटीची भाषा करणेही हास्यास्पद ठरेल.

या मुलखात वस्ती व्हावी म्हणून दोन्ही सरकारांनी जमिनी वाटल्या. अमेरिकेत १८६२च्या कायद्याने आणि कॅनडात १८७२च्या कायद्याने प्रत्येक इसमास १६० एकरांचा तुकडा देण्याची तजवीज झाली. कॅनडात दहा डॉलर नोंदणीचे भरावेत, तीन वर्षे जमिनीवर राहून ती वहिवाटीखाली आणावी, आणि मग पट्टा आपल्या नावे करून घ्यावा, असा शिरस्ता होता. मोजणीदारांनी आखलेल्या त्या चौकोनांवर ओंटारियो, आयोवा, स्कॉटलंड, युक्रेन, नॉर्वे अशा ठिकठिकाणांहून माणसे आली आणि त्यांतील कित्येकांनी गव्हाच्या बियाण्याबरोबर आपल्या गावच्या सफरचंदाच्या फांद्याही आणल्या. गहू आला. सफरचंदे मेली. पहिल्या हिवाळ्यात शेंडे जळत, दुसऱ्यात खोड काळे पडे, तिसऱ्या वसंतात मुळाशी चार फुटवे उरत. घरच्या बायकांनी आंबट चवीची भूक रुबार्ब नावाच्या पाल्याच्या देठांवर भागवली. त्या देठांना लोक ‘पायचे झाड’ असेच म्हणू लागले, यावरून उणीव कशाची होती हे उघड आहे. एरवी ओंटारियोहून आगगाडीने येणारी पिंपातली सफरचंदे किंवा सुकवलेल्या चकत्या, आणि त्याही ज्याच्या गाठीला पैसा असेल त्यालाच.

मिनेसोटात पीटर गिडियन नावाचा एक हट्टी मनुष्य या काळात होऊन गेला, त्याला येथे वगळून चालणार नाही. ओहायोत १८२० मध्ये जन्मलेला हा गृहस्थ १८५३ मध्ये मिनेटोन्का सरोवराच्या काठी येऊन राहिला आणि त्याने तीस कलमे व मापभर बिया लावून बागेचा पाया घातला. सफरचंदाच्या बीचे आपल्या हापूसच्या कोयीसारखेच आहे. आईसारखेच मूल येईल याची हमी नाही, प्रत्येक बी म्हणजे एक नवी सोडत. नऊ-दहा हिवाळ्यांत गिडियनची ती सारी सोडत वाया गेली. १८६१ मध्ये त्याच्यापाशी आठ डॉलर उरले होते, हिवाळा तोंडावर होता आणि अंगात कोट नव्हता. त्याने ते आठ डॉलर दूर ईशान्येकडील मेन राज्यातील बँगोर गावी बिया आणि काड्या मागवण्यासाठी पाठवून दिले. आणि दोन जुन्या बंड्या एकत्र शिवून, त्यांना जुन्या विजारीचे पाय कापून बाह्या म्हणून जोडून, अंगरखा बनवला. त्या बियांतून उगवलेले एक झाड जगले, १८६८च्या सुमारास फळाला आले, आणि त्याला गिडियनने आपल्या पत्नीचे नाव दिले. त्या बाईचे नाव ‘वेल्दी’, म्हणजे श्रीमंत! आठ डॉलरांच्या संसारात हे नाव धारण करणाऱ्या त्या स्त्रीला कोटाच्या प्रकरणाविषयी काय वाटले, याची नोंद कोणी ठेवली असती तर ती वाचण्यासारखी झाली असती.

वेल्दीची कहाणी नाट्यमय आहे, आणि अमेरिकन लोक ती आवडीने सांगतात. स्मारकाचा दगडही त्यांनी उभारला आहे. परंतु गिडियन बिया पेरीत बसला होता त्याच काळात डचेस गाजावाजा न करता पश्चिमेकडे सरकत होती. १८३५च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या उद्यानविद्या संस्थेने लंडनच्या अशाच संस्थेकडून चार रशियन जाती मागवल्या होत्या: अलेक्झांडर, टेटॉफ्स्की, रेड अॅस्ट्रखान आणि डचेस. बॉस्टनच्या हौशी मंडळींनी त्या नवल म्हणून लावल्या. त्यांना थंडीशी काही कर्तव्य नव्हते, कारण तेथे साधी सफरचंदेही सुखाने जगतात. या हौसेचा खरा उपयोग दीड-दोन हजार किलोमीटर पश्चिमेला व्हायचा होता. विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटा येथील रोपवाटिकावाल्यांच्या हाती डचेसच्या काड्या आल्या, आणि दर कठोर हिवाळ्यानंतर गणती करताना त्यांच्या ध्यानात येऊ लागले की ओळीतील इतर झाडे सरपणाला गेली तरी हे झाड उभे आहे. १८७२-७३च्या हिवाळ्याने मिनेसोटातील बहुतेक बागा पार झोपवल्या. तेव्हा मागे राहिलेल्या मोजक्या नावांत वेल्दी होती आणि डचेस होती. त्यानंतर त्या भागात कोणत्याही नव्या जातीचा काटकपणा तपासायचा झाला, म्हणजे ‘डचेसइतकी आहे काय?’ असा सवाल केला जाऊ लागला. शेर-पायली जशी धान्याची, तशी डचेस हे थंडीचे माप बनले.

हा काटकपणा म्हणजे नेमके काय, याविषयी सामान्य समजूत अशी आढळते की काटक झाड थंडीशी झुंजते. वस्तुतः ते झुंजत नाही. ते वेळेवर झोपी जाते. आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म या वेळेवर झोपी जाण्यातच आहे. जुलैमध्ये हिरव्यागार असलेल्या डचेसला एका रात्रीत उणे दहा अंश दाखवले तर ती इतर कोणत्याही सफरचंदासारखीच मरून जाईल. परंतु उन्हाळा कलू लागला, दिवस आखूड आणि रात्री गार होऊ लागल्या, की तिच्या फांद्यांची वाढ थांबते, शेंड्याला कळी बंद होऊन बसते, कोवळे लाकूड पक्के होते, पिठूळ द्रव्याची साखर होऊ लागते, आणि पाने आपले काम आटोपून गळतात. पहिल्या दवगोठीनंतर ही तयारी अधिकच वेगाने पुरी होते. मग खरी थंडी आली म्हणजे सालीत आणि कळ्यांत बर्फ होते, पण ते पेशींच्या बाहेर, मधल्या पोकळ्यांत. पेशीतील पाणी हळूहळू त्या बर्फाकडे ओढले जाते, आत राहिलेला रस घट्ट होतो, आणि पेशी जणू सुकवलेल्या फळासारखी आकसून निपचित पडते. आत बर्फाचे टोक शिरले की पेशी फाटते. ते शिरू न देणे एवढीच सारी शिकस्त.

लाकडातील पेशींची रीत याहून निराळी. त्यांच्या भिंती ताठ असल्याने त्यांना आकसता येत नाही. त्यांतील पाणी गोठणबिंदूच्या कितीतरी खाली जाऊनही, बर्फाचा पहिला कण जमण्यास आधारच न मिळाल्यामुळे, द्रवरूप राहते. परंतु अशा अतिशीत पाण्यालाही एक हद्द आहे. उणे ३८ ते ४०च्या सुमारास शुद्ध पाणी कोणत्याही आधारावाचून आपोआप गोठते, आणि त्या क्षणी लाकडाच्या आतील पेशी सामुदायिक रीत्या मरतात. खोड चिरले असता आत काळपट वर्तुळ दिसते. आरंभी ज्या आकड्याचा उल्लेख केला तो हा. निसर्गाने घातलेल्या या कुंपणावरून उडी मारणे घरगुती सफरचंदाला साधत नाही; डचेसचे कर्तृत्व असे की ती कुंपणापर्यंत जाते, आणि दक्षिणेकडून आलेल्या तिच्या भगिनी त्याच्या कितीतरी अलीकडे कोसळतात.

वेळ चुकली तर काय होते याचा दाखला ११ नोव्हेंबर १९४० या दिवशी मिळाला. आयोवा हे मक्याचे राज्य अशी आज ख्याती असली तरी तेव्हा ते सफरचंदाच्या बागांसाठीही नावाजलेले होते. त्या वर्षीचा शरद उबदार गेला. झाडांचे लाकूड अजून कच्चे, कित्येकांवर पाने तशीच होती. आणि पहिल्या महायुद्धातील युद्धविरामाच्या स्मरणार्थ असलेल्या त्या सुटीच्या दिवशी सकाळी सदऱ्यावर हिंडणारी माणसे दुपारनंतर हिमवादळात सापडली. तपमान काही तासांत धडाधड कोसळले. मृत्यू पावलेल्या माणसांची गणती लगेच झाली, झाडांची पुढल्या वसंतात; आणि आयोवातील फळबागांचा धंदा त्या एका दिवसाच्या घावातून पुन्हा कधी सावरला नाही. ती थंडी जानेवारीत आली असती तर त्याच झाडांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते.

अनुभवी प्रेअरीकरांनी आपल्या झाडांसाठी जे बंदोबस्त केले, त्यांत अनेक उलटे वाटणारे आहेत. बाग दक्षिणेच्या उन्हात नव्हे तर उत्तरेच्या उतारावर लावायची, म्हणजे वसंताच्या खोट्या उबेने झाड लवकर जागे होत नाही. खोडाला नैर्ऋत्येकडून फळीची सावली द्यायची किंवा पांढरा रंग फासायचा, कारण फेब्रुवारीत दुपारच्या उन्हाने साल तापते आणि सूर्य मावळताच फटकन गोठून उकलते. थंडीपेक्षा हे ऊनच अधिक घातकी. वाऱ्याच्या बाजूला स्प्रूसची किंवा सैबेरियातील कारगाना झुडपांची भिंत उभी करायची, म्हणजे वाहून आलेले बर्फ मुळांवर साठते. बर्फ हे मुळांचे पांघरूण आहे, शत्रू नव्हे. कारण जी फांदी उणे ३५ सोसते तिचेच मूळ उणे १०-१२ला दगावते. याच कारणास्तव कलमाचा खुंट हा साऱ्या प्रकरणाचा आधारस्तंभ ठरतो, आणि तो सैबेरियन रानसफरचंदाचा किंवा रशियन अँटोनोव्हकाच्या बीचा असावा, असा तेथील जाणत्यांचा कटाक्ष असे.

डचेसच्या यशाने सरकारी खात्यांना जाग आली. एक रशियन जात इतकी गुणी, तर उरलेल्या शेकडो का आणू नयेत? वॉशिंग्टनच्या शेतकी खात्यातील विल्यम सॉन्डर्स यांनी १८७०च्या सुमारास सेंट पीटर्सबर्गच्या शाही वनस्पतिउद्यानातून सुमारे अडीचशे जातींच्या काड्या मागवून देशभर वाटल्या. १८८२ मध्ये आयोवाचे प्राध्यापक जोसेफ बड आणि क्वेबेकचे बागाइतदार चार्ल्स गिब हे दोघे स्वतः रशियात जाऊन व्होल्गा नदीच्या काठाने कझानपर्यंत हिंडले. तेथे खेड्याखेड्यांतून सफरचंदांच्या बागा डवरलेल्या पाहून त्यांना जो आनंद झाला तो त्यांच्या अहवालांतून ओसंडून वाहतो. परंतु फलश्रुती या उत्साहाच्या मानाने तोकडीच निघाली. नावांचा तर असा गोंधळ माजला की एकच जात चार नावांनी आणि चार जाती एका नावाने दफ्तरी नोंदल्या गेल्या. आणि अमेरिकेच्या मातीतच मुरलेल्या, फांद्या जाळून टाकणाऱ्या ‘फायर ब्लाइट’ या जिवाणुरोगाशी या परदेशी झाडांची कधी गाठच पडलेली नसल्याने पुष्कळशी त्यातच गेली. एवढी मोहीम काढून, दफ्तरे भरून, जे हाती आले त्यात डचेसला मागे टाकणारे क्वचितच होते; आणि डचेस तर अर्धशतकापूर्वी बॉस्टनच्या हौशी लोकांच्या हस्ते सहज म्हणून आलेली! सरकारी योजनांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. हायबर्नल यासारख्या काही खरोखर काटक जाती याच लाटेतून मिळाल्या, हे मान्य केले पाहिजे.

डचेस दक्षिण मॅनिटोबापर्यंत गेली. मॉर्डनच्या परिसरात, झाडांच्या आडोशाने, तिने फळ धरले. त्याच्या पलीकडे मात्र तिचाही धीर खचे. १८८६ मध्ये कॅनडा सरकारने जी प्रायोगिक शेते स्थापण्याचे ठरवले, त्यांचे पहिले संचालक योगायोगाने दुसरे एक विल्यम सॉन्डर्सच होते, मूळचे औषधविक्रेते. ब्रँडन आणि इंडियन हेड येथील शेतांवर त्यांनी लावलेली सफरचंदे, रशियन धरून, जवळजवळ सगळी मेली. तेव्हा त्यांनी सेंट पीटर्सबर्गहूनच सैबेरियन रानसफरचंदाचे बी मागवले. हे फळ बोराहूनही लहान, तुरट, खाण्यास निरुपयोगी. परंतु झाड असे की उणे ४०चे ते कुंपण त्याला लागू पडत नाही. १८९४पासून सॉन्डर्स या रानटी झाडाच्या फुलांवर मोठ्या सफरचंदांचे पराग घालू लागले. पहिल्या पिढीची फळे जांभळाएवढी. त्यांचा पुन्हा मोठ्या सफरचंदांशी संकर. पुन्हा वाट पाहणे. याच माणसाच्या देखरेखीखाली गव्हाचेही संकर चालू होते, आणि त्यांतील १८९२च्या एका संकरातून पुढे त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांनी ‘मार्क्विस’ हा गहू निवडून काढला, ज्याने प्रेअरीचे नशीब पालटले. त्याचे एक पितर ‘हार्ड रेड कलकत्ता’, म्हणजे आपल्या देशातील लवकर पिकणारा लाल गहू. कॅनडाच्या बर्फाळ मैदानाचे धान्यभांडार होण्यामागे हिंदुस्थानच्या उन्हाचा हा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. गव्हाला एका उन्हाळ्यात पिढी मिळते, सफरचंदाला आठ-दहा वर्षे लागतात. म्हणून गव्हाचे श्रेय मुलाला हयातीतच मिळाले आणि सफरचंदांचे काम अनेकांच्या हाती विखुरत गेले. त्या हातांत खासगी माणसेही होती. सस्कॅचेवानमधील नेव्हिल येथील अॅडॉल्फ हायर या शेतकऱ्याचे ‘हायर १२’ हे हिरवट-पिवळे, झणझणीत आंबट फळ उत्तरेकडील परसांत अजून आढळते; नावाच्या जागी नुसता आकडा, आणि पायखेरीज अन्य महत्त्वाकांक्षा नाही.

डचेसच्या फळाविषयी मी अजून काहीच सांगितले नाही. ते मध्यम आकाराचे, थोडे चपटे. पिवळ्या अंगावर लाल पट्टे, जणू कोणी कुंचल्याने सावकाश ओढलेले, आणि वर द्राक्षावर असतो तसा पांढुरका मेण-थर. साल पातळ, गर पांढरट, रसाळ, चांगलाच आंबट. झाड मोठे होत नाही, पण लहान वयात धरते, आणि एखादे वर्ष भरभरून दिल्यावर पुढल्या वर्षी हात आखडता घेते. मिनेसोटात फळ ऑगस्टच्या उत्तरार्धात पिकते, परंतु जाणती गृहिणी तोवर थांबत नसे. जुलैच्या अखेरीस, पट्टे नुसते उमटू लागले असता, हिरवट फळांची पहिली परडी घरात येई, कारण त्या वेळी आम्ल आणि पेक्टिन दोन्ही जोरात असतात. चुलीवर ठेवले की पाणी फारसे न घालताही त्याचा मऊ, फिकट पिवळा लगदा होतो, आणि साखर पडली की त्याची चव उजळते. मळणीच्या दिवसांत शेतावर पंधरा-वीस गडी जेवायला असत. अशा पंगतीला रोज दोन-दोन वेळा पाय पुरवणाऱ्या बाईच्या दृष्टीने, मळणीच्या ऐन तोंडावर हाताशी येणारे हे फळ म्हणजे सरकारच्या १६० एकरांहून कमी मोलाचे नव्हते.

दोष सांगायचे तर ते दोनच, पण जीवघेणे. फळ पिकले की देठ सोडून पटापट खाली पडते. आणि पडल्यावर आठ-पंधरा दिवसांत पिठूळ होते. आगगाडी, गोदाम, शीतगृह आणि दुकान या साखळीत असल्या फळाला जागा नाही. विसाव्या शतकात वॉशिंग्टन राज्यातून, पाटाच्या पाण्यावर पोसलेली, चकचकीत लाल, आठ महिने टिकणारी सफरचंदे अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील प्रत्येक गावी पोहोचू लागली, तशी डचेस रोपवाटिकांच्या याद्यांतून गळत गेली. शिवाय मिनेसोटा विद्यापीठाने १९०८ मध्ये फलसंकराचे जे शेत उघडले, त्याने १९२२ मध्ये ‘हॅरल्सन’ ही जात दिली. तीही काटक, तीही पायला उत्तम, आणि तळघरात वसंतापर्यंत टिकणारी. अशी प्रतिस्पर्धी घरातच उभी राहिल्यावर डचेसने काय करावे?

याच शेतावर १९६० मध्ये झालेल्या एका संकरातून ‘हनीक्रिस्प’ निघाले. मध्यंतरी एका हिवाळ्यात इजा झालेले मूळ झाड काढून टाकण्याची शिफारसही कागदावर झाली होती, पण तेथील एका संशोधकाने पुन्हा संधी द्यावी म्हणून ते राखले, आणि १९९१ मध्ये ही जात बाजारात आली. दाताखाली फुटणाऱ्या त्याच्या रसाळ कुरकुरीतपणाने अमेरिकेतील सफरचंदांचे भावच बदलून टाकले. त्याचे आईबाप म्हणून मॅकून आणि हनीगोल्ड ही नावे अधिकृत दस्तऐवजात नोंदलेली होती. पुढे गुणसूत्रांची तपासणी झाली तेव्हा ती दोन्ही नावे खोटी ठरली. एक पालक कीपसेक निघाली. दुसरी, केवळ क्रमांकाने ओळखली जाणारी आणि कधीच निकालात काढलेली एक जात होती, आणि तिची वंशावळ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली: गोल्डन डेलिशस आणि डचेस ऑफ ओल्डनबर्ग. ज्या फळाला बाजाराने टिकत नाही म्हणून हाकलले, त्याची नात शीतगृहात अर्धे वर्ष राहून आज दुप्पट किमतीला विकली जाते.

आजीचे झाड पाहायचे तर मात्र बाजारात जाऊन उपयोग नाही. मिनेसोटात किंवा दक्षिण मॅनिटोबात, घर मोडले आणि फक्त स्प्रूसची ओळ उरली अशा एखाद्या जुन्या वस्तीच्या जागी ऑगस्टमध्ये जावे. गवतात पट्ट्यापट्ट्यांची फळे पडलेली असतात आणि त्यांच्यावर गांधीलमाश्या घोंघावत असतात. ती वेचली, तर त्याच संध्याकाळी चुलीवर चढवावी लागतात.